सात वह्यांतले उलटे बाण

रसायनशास्त्र शिकवून पोट भरलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. सोनं बनवता येतं का, आणि प्रयोगशाळेत कधी स्फोट झाला का. सोनं बनवता येत नाही, येत असतं तर दिवाळी अंकात लेख कशाला लिहीत बसलो असतो? स्फोट मात्र झाला. आवाज आला नाही, काच फुटली नाही, आणि तो माझ्याच फळ्यावर झाला. बत्तीस वर्षं नोकरी केली, पण त्यातलं ते एक वर्ष काही विसरता येत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मेहकरला नवं कॉलेज निघालं होतं आणि मी तिथला नवा लेक्चरर. वय चोवीस. विज्ञान शाखा एका जुन्या जिनिंगच्या गोदामात भरायची. वर पत्रे, भिंतीच्या फटींत कापसाचे पुंजके. गॅस नव्हता, स्पिरिटच्या दिव्यावर सगळं चालायचं. हायड्रोजन सल्फाइडचा प्रयोग असला की शेजारचे लोक येऊन विचारायचे, सर, अंडी सडवता का इथं? एक जण तर म्हणाला, सडवायचीच आहेत तर आम्हाला तरी द्या, आम्ही खातो. आता काय सांगावं अशा माणसाला?

मी एम.एस्सी. झालो तो असेंद्रिय रसायनशास्त्रात. म्हणजे धातू, क्षार, आम्लं. सेंद्रियाशी, म्हणजे कार्बनच्या त्या अफाट गोतावळ्याशी, माझी सोयरीक बी.एस्सी.पुरती, आणि तीही पाठांतराची. प्राचार्यांना मी हे सांगून पाहिलं. ते इतिहासाचे. त्यांचं म्हणणं, केमिस्ट्री ती केमिस्ट्री, त्यात पोटजाती कशाला? दुसरा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच घ्या. वर हेही ऐकवलं की वर्षअखेरीला तुम्हाला कायम करायचं की नाही ते संस्था निकाल पाहून ठरवणार. झालं. आमची पाचावर धारण बसली.

त्यातच त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. पूर्वी कसं होतं, की हे अधिक ते, मधे बाण, आणि पलीकडे तयार झालेला पदार्थ. लग्नासारखं. नवरा-नवरी मांडवात गेले आणि जोडपं बाहेर आलं, आत काय घडलं ते कोणी विचारत नसे. नव्या अभ्यासक्रमानं विचारलं, आत काय घडलं? आधी कोण हललं, कोणी कोणाला काय दिलं, कोणतं बंधन तुटलं, कोणतं जुळलं? याला म्हणतात मेकॅनिझम. आणि ही सगळी हकिगत सांगायची ती बारक्या वाकड्या बाणांनी. बाणाची शेपटी एकीकडे, टोक दुसरीकडे. सेंद्रिय रसायनशास्त्राची अर्धी अक्कल त्या शेपटीत आणि टोकात असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुस्तक नागपूरहून मागवलं होतं, ते वर्षभर येतच राहिलं. म्हणून मी तिथल्या एका मित्राला पत्र लिहिलं. बिचाऱ्यानं आपल्या नोट्स कार्बन पेपर घालून उतरवल्या, मूळ प्रत स्वतःला ठेवली आणि खालची मला पाठवली. अक्षर आलं, सूत्रं आली, वाकड्या रेघाही आल्या. रेघांची टोकं मात्र उमटली नव्हती. इतकं बारीक काम कार्बनच्या खालच्या कागदापर्यंत पोचतंय कुठं? नुसत्या धनुकल्या उरल्या होत्या.

मित्राला पुन्हा विचारायचं, तर तो म्हणेल याला एवढंही येत नाही. मी विचारलं नाही. डोकं चालवलं. उदाहरण साधं होतं. एका बाजूला दुहेरी बंधनाचा कार्बन, दुसऱ्या बाजूला एच प्लस, म्हणजे आपला एकुलता इलेक्ट्रॉन गमावून बसलेला हायड्रोजन. हा एच प्लस जातो आणि कार्बनला चिकटतो. मग जातो कोण? एच प्लस. म्हणजे बाण त्याच्यापासून निघाला पाहिजे. मी लाल शाईचं पेन काढलं आणि सगळ्या नोट्समधल्या सगळ्या रेघांना त्याच हिशेबानं टोकं काढली. छान दिसत होती हो! त्या दिवशी मी निवांत जेवलो.

वर्गात विद्यार्थी सात. पाच जण मेहकरात खोल्या घेऊन राहणारे, एक डोणगावचा भगवान, आणि सातवे सुखदेव गुरुजी. हे माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. जानेफळच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. बिनपगारी रजा काढून बी.एस्सी.ला बसले होते. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचं एवढा एकच ध्यास. रजा त्या उन्हाळ्यात संपत होती आणि पुन्हा मिळणार नव्हती. घरी बुद्धाची तसबीर, चार माणसं खाणारी, आणि त्यांच्या वस्तीत मॅट्रिकच्या पुढं गेलेले ते पहिलेच. पोरंही त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणायचो. ते मात्र मला सर म्हणत, आणि मला उगाच चोरट्यासारखं व्हायचं.

फळ्यावर मी एच प्लसपासून बाण काढला आणि कार्बनवर टेकवला. सगळे उतरवून घेत होते. गुरुजींचं पेन थांबलं. ते उभे राहिले. विचारलं ते अगदी आदबीनं, आपल्या वऱ्हाडी बोलीत; तिथं 'का'ला 'काऊन' म्हणतात.

"सर, त्या एच प्लसपाशी तर इलेक्ट्रॉनच नाही. ज्याच्यापाशी काईच नाही, त्याच्यापासून बाण काऊन निघून राह्यला?"

खरं सांगतो, प्रश्न कानावर पडताक्षणी मला कळलं की यात काहीतरी आहे. काय आहे ते कळलं नाही. हातातला खडू घामानं ओला झाला. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि ज्याच्याजवळ उत्तर नसतं त्याच्याजवळ आवाज असतो, तो मी काढला.

"गुरुजी, ही तुमची प्राथमिक शाळा नाही. इथं काऊन-बिऊन चालत नाही. लिहून घ्या."

पोरं हसली. गुरुजी "बरं सर" म्हणाले, खाली बसले आणि त्यांनी लिहून घेतलं. त्या माणसाला आयुष्यात गप्प बसायला सांगणारा मी काही पहिला नव्हतो, हे मला तेव्हा सुचलंदेखील नाही. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला तर सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

मार्चअखेरीला प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले ते अमरावतीकडचे, पिकलेले गृहस्थ, कोटाच्या खिशात सुपारीची डबी. परीक्षा म्हणजे आम्हा मास्तरांच्या घरचं कार्य. मुलांपेक्षा आपलीच धावपळ जास्त. परीक्षानळ्या मोजा, स्पिरिट पुरेल का पाहा, परीक्षकांना चहा वेळेवर गेला का पाहा. तोंडी परीक्षेला त्यांनी एकेकाला बोलावलं आणि कागद पुढं करून बाण काढायला लावले. मी लांब उभा राहून कान देत होतो. कान तापले होते. काहीतरी बिनसतंय हे परीक्षकांच्या पाठीवरूनही कळत होतं.

सगळं आटोपल्यावर त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. सहा कागद टेबलावर पसरले. सहाही कागदांवर तोच बाण, तीच शेपटी, तेच टोक.

"एक मुलगा चुकला तर मुलगा चुकतो," ते म्हणाले. "सहा जण एकसारखे चुकले, तर मला मुलांशी बोलायचं नसतं."

त्यांनी रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी रागावायच्या ऐवजी टेबलावरचे दोन कप जवळ ओढले. एक माझा, चहानं भरलेला, मी तोंडही न लावलेला. एक त्यांचा, रिकामा. भरल्या कपातला थोडा चहा रिकाम्यात ओतला आणि विचारलं, चहा कुठून कुठं गेला? मी म्हटलं, भरल्यातून रिकाम्यात. मग त्यांनी रिकामा कप उचलून भरल्या कपाजवळ आणला आणि पुन्हा थोडा ओतला. या वेळी हलला कोण? रिकामा कप. आणि चहा कुठून कुठं गेला? भरल्यातूनच रिकाम्यात. मग म्हणाले, बाण चहाचा काढायचा असतो, कपाचा नाही. इलेक्ट्रॉनची जोडी जिथं आहे तिथून शेपटी, जिथं जाते तिथं टोक. एच प्लस हा रिकामा कप. तो कितीही धावत आला तरी त्याच्यापासून बाण निघेल कसा?

ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याच्यापासून बाण काऊन निघतो! गुरुजींचाच प्रश्न.

मी चाचरत विचारलं की कागद सहाच कसे. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि सांगितलं, तो एक मोठ्या वयाचा विद्यार्थी आहे ना, त्यानं बाण काढलाच नाही. पेन हातात धरून बसला बराच वेळ. मग म्हणाला, मला हे समजलेलं नाही. त्याला शून्य द्यावं लागलं. निघताना एवढंच म्हणाले की प्राचार्यांशी मी यातलं काही बोलणार नाही, पण लेखी परीक्षा अकरा दिवसांवर आहे.

तोवर सुट्टी लागून सगळे पांगले होते. अकरा दिवसांतले पहिले दोन मी नुसते घाबरण्यात घालवले. मनात सारखं तेच. सांगितलं तर गावभर होईल, संस्था घरी बसवेल. नाही सांगितलं तर सातही जण उलटे बाण काढून येतील आणि निकाल लागल्यावर संस्था घरी बसवेल. इकडं आड, तिकडं विहीर. शेवटी विहिरीतच उडी टाकायची तर पाणी तरी स्वच्छ पाहावं म्हणून तिसऱ्या दिवशी निघालो.

मेहकरातल्या पाच जणांकडं गेलो. वाटलं होतं, माझी काय फजिती होतेय! त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. एकानं वही पुढं केली आणि म्हणाला, टोकं खोडून द्या सर, तुम्हीच काढून द्या. दुसरा काकुळतीला आला की सर, उलटं पाठ झालं आहे, आता सुलटं कधी करू? तिसऱ्यानं तर दोन्ही पाठ करतो म्हणून सांगितलं, पेपरात जे विचारतील ते लिहीन. वर्षभरात मी काय शिकवलं त्याचा निकाल मला तिथंच मिळाला. डोणगावला भगवानकडं एस.टी.नं गेलो. तो मळ्यात होता. माझं सगळं ऐकून घेऊन हसून म्हणाला, बरं झालं सर, मी अजून काई वाचलंच नाही.

राहिले गुरुजी. त्यांना मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बाकीच्यांना चूक सांगायची होती. गुरुजींना चूक सांगायची म्हणजे त्यांचा प्रश्न बरोबर होता हे सांगायचं, आणि तो भर वर्गात मी कसा उडवला हे दोघांनाही पाठ होतं. जानेफळची गाडी दोन दिवस मी या ना त्या निमित्तानं चुकवली. एकदा तर स्टँडवर उभा राहून सुटू दिली. पाच दिवस उरले तेव्हा बसलो.

घरी गेलो तर त्यांची बायको म्हणाली, ते शाळेत गेले. मला वाटलं, अभ्यासाला शांत जागा म्हणून गेले असतील. उन्हाळ्याची सकाळची शाळा. दारातून पाहतो तर गुरुजी चौथीच्या वर्गाला पावकीचा पाढा शिकवत होते. रजा संपायला महिना बाकी असताना माणूस कामावर हजर झालेला. मला पाहून बाहेर आले, नमस्कार केला, रांजणातलं पाणी आणून दिलं. परीक्षेला बसत नाही म्हणाले. जसं कोणी सांगावं की आज भाजी आणली नाही, तसं.

मी विचारलं, "काऊन?" हो, माझ्याच तोंडातून तो शब्द गेला.

"ते बाण मले समजून नाही राह्यले, सर. तुम्ही सांगता तर बरोबरच असन. बाकीच्या पोट्ट्यायले समजलं, मलेच नाही. डोस्कंच नाही माह्यं ह्या कामाचं. उमर झाली."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. येताना गाडीत वाक्यं जुळवून आणली होती, की छपाईत चूक झाली, नोट्स अपुऱ्या होत्या, वगैरे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सगळी तयारी. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"गुरुजी, बाकीच्यांनाही समजलं नव्हतं. मला समजलं नव्हतं. मी उलटं शिकवलं."

मग त्यांनी मला वर्गात नेलं. चाळीस पोरं खाली बसलेली. फळ्यावरची पावकी पुसली, माझ्या हातात खडू दिला आणि स्वतः पोरांत मांडी घालून बसले. मी पुन्हा तेच उदाहरण काढलं. दुहेरी बंधन, समोर एच प्लस. या वेळी शेपटी दुहेरी बंधनावर, टोक एच प्लसवर. दोन कपांची गोष्ट सांगितली. गुरुजी फळ्याकडं बघत होते. पोरं पण बघत होती. त्यांना काय कळत होतं देव जाणे, पण हूं की चूं नाही.

"म्हणजे मी त्या दिवशी विचारलं ते बरोबर होतं?"

"हो."

"मंग मी ढ नाही."

त्यांनी मला विचारलं नव्हतं, स्वतःलाच सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला कुठं पाहावं कळेना. वर्षभर या माणसानं बायकोपोरांच्या तोंडचा घास काढून जे शिकायचा प्रयत्न केला, ते मी माझी अब्रू झाकायला त्याच्याकडून हिसकावून घेतलं होतं. त्या एका वाक्यानं मी जेवढा खजील झालो तेवढा पुढं कधीही झालो नाही.

गुरुजी हळवे होते, पण भोळे नव्हते. बाहेर आल्यावर म्हणाले, काल उलटा होता, आज सुलटा झाला. उद्या पुन्हा उलटा झाला तर? भरवसा ठेवायचा कशाच्या जोरावर? मी म्हटलं, माझ्यावर ठेवूच नका. तुम्हाला जे पटत नव्हतं, त्याच्यावर ठेवा. ते म्हणाले, असं करू. तुम्ही सांगू नका, मी काढतो. चुकलो तर थांबवा.

दोन दिवस मी जानेफळला राहिलो. शाळा सुटली की ओसरीवर आम्ही दोघं. ते एकेक अभिक्रिया घेत, इलेक्ट्रॉन कोणापाशी आहेत ते शोधत, तिथून शेपटी काढत. एखाद्या ठिकाणी मलाही माहीत नसायचं. मग मी तसं म्हणायचो. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली, नंतर सवय झाली. त्यांना मात्र मजा वाटायची. सरांना येत नाही म्हटल्यावर ते आणखी जोरानं शोधत.

एक नियम आहे. हायड्रोजन त्याच कार्बनकडं जातो ज्याच्याकडं आधीच जास्त हायड्रोजन आहेत. आम्ही तो पाठ केला होता तो असा की भरल्या घरीच भर पडते. का पडते ते कोणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी बाण काढून पाहिले. एकाकडं हायड्रोजन गेला की दुसऱ्या कार्बनवर प्लसचं संकट येतं. ते कोणाला सोसेल? ज्याला आजूबाजूला कार्बनचा शेजार जास्त, त्याला. म्हणजे हायड्रोजन कुठं जातो हे पाहायचंच नाही, प्लस कोणाला पेलतो हे पाहायचं. ते म्हणाले, सर, गावातही असंच आहे ना? ज्याले शेजार असते तो निभावून नेते. मी हे वाक्य पुढं तीस वर्षं वर्गात वापरलं. ते माझं नाही, हे आज पहिल्यांदा सांगतो आहे.

पण रजेचं घोडं पेंड खात होतं. एकदा हजर झालेल्या माणसाला पुन्हा रजा कशी द्यायची? मेहकरच्या कचेरीत अर्ज दिला, मी सोबत गेलो. साहेब दौऱ्यावर. कारकून म्हणाला, शनिवारी या. पेपर सोमवारी, केंद्र बुलढाण्याला, आणि पहिलाच पेपर सेंद्रियाचा. गुरुजी मला म्हणाले, मंजूर झाली तर येतो. न सांगता शाळा सोडून मी येणार नाही. मी त्यांना आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

सोमवारी मी बुलढाण्याला केंद्राच्या फाटकाशी उभा. मला तिथं काही काम नव्हतं. आमचे सहा जण आले, आत गेले. दोन्ही पाठ केलेला पोरगा ओठ हलवत गेला. पहिली घंटा झाली. मेहकरची गाडी आली नव्हती. दुसरी घंटा झाली. प्रश्नपत्रिका वाटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला आणि मग ती शांतता, जिला परीक्षेच्या मास्तरांखेरीज कोणी ओळखत नाही. अर्ध्या तासानंतर आत घेत नसत. मी घड्याळ पाहायचो, रस्ता पाहायचो. देवाधर्माचा माणूस नाही मी, तरी मेहकरच्या बालाजीला मनातल्या मनात काय काय बोललो ते सांगत नाही.

बावीस मिनिटं झाली होती. रस्त्याच्या टोकाला गुरुजी दिसले. चपला हातात घेऊन पळत होते. गाडी वाटेत बंद पडली होती, शेवटचा टप्पा त्यांनी एका ट्रकमधून गाठला होता. फाटकाशी थांबले, धापा टाकत म्हणाले, "रजा काल रात्री भेटली. सर, पेन द्या. माह्यं गाडीत राह्यलं."

माझ्या खिशाला दोन पेनं होती. घाईत हात लाल पेनावर गेला. ते परत खोचलं आणि निळं दिलं.

तीन तासांनी ते सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. मी विचारलं, आला होता का तो प्रश्न? म्हणाले, आला होता. बाण काढला का? म्हणाले, काढला. कोणता, कसा, हे मी विचारलं नाही. त्यांनी पेन परत दिलं.

निकालात पाच पास, दोन नापास. दोन्ही पाठ केलेल्यानं पेपरात दोन्ही लिहिलं होतं म्हणे, तो गेला. भगवान काहीही न वाचता कसा निभावला ते आजवर कळलं नाही. गुरुजी पास झाले, आणि सेंद्रियाच्या पेपरात सातांत सगळ्यांत जास्त मार्क त्यांचे. संस्थेनं मला कायम केलं. कशाबद्दल ते संस्थेलाच ठाऊक. मी प्राचार्यांना कधीच काही सांगितलं नाही. ते आता नाहीत.

गुरुजी पदवी घेऊन पुढच्या वर्षी हायस्कूलला गेले. वर्गातल्या त्या दिवसाबद्दल मी माफी मागितली नव्हती, त्यांनीही कधी काढलं नाही. मला वाटलं, विसरले असतील. पंधरा-सोळा वर्षांनी त्यांचं पत्र आलं, की शाळेत विज्ञानाची नवी खोली झाली आहे, तुम्ही या. गेलो. गुरुजींचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला नववीच्या वर्गापुढं उभं केलं आणि पोरांना म्हणाले, हेच ते सर. सगळी पोरं माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी काही मी पुस्तकातून उठून आलो. मग उलगडा झाला. गुरुजी दरवर्षी पहिल्या तासाला उलट्या बाणांची गोष्ट सांगत होते. सर कसे चुकले, मग गाडीनं जानेफळला कसे आले, चौथीच्या पोरांपुढं कसे कबूल झाले, सगळं. माझ्या नावानिशी!

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, गुरुजी, निदान नाव तरी गाळायचं. ते म्हणाले, नाव नाही घेतलं तर पोट्ट्यायले वाटते मी बनवून सांगून राह्यलो.

मग त्यांनी वर्गाला विचारलं, सरांना कोणाला काही विचारायचं आहे का? पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, हातात पेन. मला वाटलं, सोन्याचं विचारेल नाही तर स्फोटाचं.

"सर, गुरुजींचा प्रश्न बरोबर होता, तर तुम्ही त्यायले रागावले काऊन?"

गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. खडू माझ्या हातात नव्हता, तरी हाताला घाम आला. तोच घाम, तीच वेळ, फक्त सोळा वर्षं उशीर झाला होता.

मी म्हटलं, "मला येत नव्हतं, म्हणून."

ती खाली बसली, वही उघडली, आणि तिनं ते लिहून घेतलं.